फिक्या वरणाला लसणाची फोडणी

शालू,

तू जिंकली. घे, लिहून देते. तोंडी सांगितलेलं तू कधी मानलंच नाही. "लिहून दे, मंग मानीन," म्हणायची, आणि मी म्हणायची, "तुले लिहून देऊन गल्लीत तोंड कुठं दाखवू?" आता गल्लीत सगळ्यांना माहीत होऊन चुकलं आहे, तर लिहायला काय हरकत? काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मंडपवाला सकाळीच खुर्च्या घेऊन गेला, आणि मी माझ्या ओट्यापाशी पाट टाकून लिहायला बसली आहे. मला रडू येऊन राहिलं आणि त्याच्या मधातच हसूही येऊन राहिलं. तुझ्यासंगं राहून माझं असंच झालं, एका वेळी एक काम धड होत नाही.

तू म्हणायची, पुस्तकवाल्यानं असं समजून लिहावं की वाचणाऱ्याला पाणी उकळणंही येत नाही. म्हणून तुला जे माहीत आहे तेही लिहिते. उगाच मधात टोकू नको.

आधी आपली भिंत. तिकडे तुझा ओटा, इकडे माझा, आणि वर छपराजवळ विटांची एक फट. बांधणाऱ्यानं ती कायले ठेवली, देव जाणे. आपण दोघी पांढुर्ण्याच्या या गल्लीत सुना म्हणून आलो तेव्हा घरात फोन नव्हते, पण फट होती. सकाळी तुझ्या कढईत मोहरी तडतडली की मला कळायचं, शालू उठली. माझी तडतडली की पाच मिनिटं दम खाऊन तू तिकडून ओरडायची, "निर्मले, मोहरी जळाली वं!" मी इकडून, "नाही जळाली! खाऊन पाहा, मंग बोल!" माझी मोहरी जळाली की नाही याचा निकाल आपल्या हयातीत लागला नाही. तुझ्या तर लागलाच नाही.

आता रीत. आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारचे जेवण घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. वरण, भात, फार तर भाकर. वरण फिकं. डाळ आणि मीठ, बस. फोडणी द्यायची नाही, कारण फोडणीचा चर्र आवाज आणि खमंग वास म्हणजे घर सुखात आहे असं गल्लीला कळवणं. सुतकात कोणी असं कळवते काय? आणि ही रीत आपल्या गल्लीत सांभाळत कोण होतं? मी. तीळ किती घ्यायचे, दिवा कुठं ठेवायचा, दारात कडुनिंबाची डहाळी कोणी धरायची, सगळे म्हणत, "निर्मलाबाईले विचारा." मला त्याचा तोरा होता, आणि तुला माझ्या तोऱ्याची भारी गंमत वाटायची.

भांडण सुरू झालं तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा. कडू घास माझ्याच घरून आला होता. तू दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि मागच्या अंगणात मला धरलं.

"काहून वं, गेलं ते माणूस गेलं. जित्या माणसायनं काय गुन्हा केला?"

"रीत हाये ते."

"कोनं केली रीत? ज्याले भूक नव्हती त्यानं. दुःखात जीभ मरते, निर्मले. तिले उठवाले काही पाहिजे की नाही? मी मेली अन् माझ्या घरी तू फिकं वरण आणलं तर पाहून घेईन. फोडणी देजो. लसणाची."

"मरणाच्या गोष्टी नको करू."

"मी करीन. तू फोडणी देजो."

मी हो म्हटलं नाही. त्यानंतर गल्लीत कोणीही गेलं की घाटावरून लोक परत येत नाहीत तोच तुझं फटीतून सुरू: "चालली काय फिकं वरण घेऊन?" मी म्हणायची, "शालू, लाज बाळग." तू म्हणायची, "लाजेनं पोट भरत नाही."

आणि हे कोण म्हणे? जी बाई नागपूरच्या हॉटेलात पैसे मोजून फिकं वरण मागे, ती.

नागपूर! आपण डोळे दाखवायला नागपूरला जायचो. म्हणजे घरी तसं सांगायचो. सकाळच्या गाडीनं निघायचं आणि दिवसभर खायचं. इतक्या वेळा डोळे दाखवले की भाऊजी, तुझे दिनकरराव, एकदा म्हणाले, "तुम्हा दोघींना आता अंधारातही दिसत असेल." आणि त्याच फेरीत आपण त्या एसी हॉटेलात शिरलो जिथं टेबलावर नुसती एक मेणबत्ती होती. ताटात काय आहे ते दिसेना. तू मला म्हणाली, "बरं झालं वं, डोळे दाखवून घेतले."

कुठलंही हॉटेल असो, तू मेनूकार्ड उलटं ठेवायची आणि साधं वरण मागायची. ज्याला वरण धड जमत नाही त्याच्या पनीरवर कायले भरोसा ठेवायचा, हा तुझा हिशेब. एकदा तो टाय लावलेला वेटर म्हणाला, "मॅडम, प्लेन दाल नहीं है, दाल तडका है।" तू म्हणाली, "तो तडका मारने के पहले जो रहती है, वो लाओ नं भैया." तो आत गेला तो स्वयंपाक्यालाच घेऊन आला. स्वयंपाकी बैतूलकडचा निघाला. तुम्ही दोघं तूरडाळ किती शिजवायची यावर इतका वेळ बोलले की माझी रोटी वाळून पापड झाली. पण वरण आलं ते काय आलं! तू पर्समधून ठेच्याची डबी काढली, निंबू पिळलं, आणि डोळे मिटून म्हणाली, "पास."

मी तुला टोकलंच होतं, "इथं पैसे देऊन फिकं खाते, अन् मयतीत फुकटचं नको?" तू म्हणाली, "इथं मी परीक्षा घ्याले येते. मयतीच्या घरी काय कोनाची परीक्षा राह्यते?" मी माझ्या वाळलेल्या रोटीचा तुकडा तुझ्या वरणात बुडवला.

जामसांवलीच्या मारुतीचं नाव सांगून गेलो तर आधी खरंच दर्शन घ्यायचं आणि मग सौसरहून नागपूरची बस धरायची, हा तुझा नियम. त्या दिवशी मटण बंद. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलू, पण देवासंगं नाही," म्हणायची. तशाच एका फेरीत, ऐन संत्र्याच्या मोसमात, त्या मोठ्या हॉटेलात आपल्यासमोर डब्यातला संत्र्याचा रस आला. तू एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तुझं माहेर बोरगाव, बापाचा संत्र्याचा बगीचा, आणि पिशवीत भावानं दिलेली संत्री. तू उठली, काउंटरवर मॅनेजरसमोर दोन संत्री ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, हे असं असते. ओळख करून घ्या." मी मेल्याहून मेली झाली. मॅनेजरनं संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि रसाचे पैसे घेतलेच नाहीत. वर विचारलं, "बाई, बगीचा कुठं आहे तुमचा?" रस्ताभर तू बसमध्ये छाती काढून बसली होती, जशी काही नागपूर जिंकून आली.

आणि सावजीचं ते भोजनालय. आत सगळे पुरुष. मालकानं आपल्याला पाहिलं, गडबडला, कोपऱ्यात बसवलं आणि "फॅमिली, फॅमिली" करत पडदा ओढला. तू पडदा परत सरकवला. त्यानं ओढला, तू सरकवला. "भाऊ, आम्ही काय पाप करून राहिलो? मटण खाऊन राहिलो." सगळे पुरुष आपल्याकडे पाहायला लागले. मला वाटलं, धरणी माय, पोटात घे. बाजूच्या एका म्हाताऱ्यानं आपली कांदा-निंबाची बशी तुझ्याकडे सरकवली, "घ्या बाई, रस्सा जहाल आहे." तू भाकर बुडवली, खाल्ली, विचार केला आणि मोठ्यानं म्हणाली, "जहाल कुठं हाये? लवंग जास्त झाली, म्हणून घसा धरते." म्हातारा हसता हसता ठसकला. मालक आला, लवंगेवरून तू त्याचं ऐकून घेतलं, त्यानं तुझं. पुढच्या वेळी गेलो तर पडद्याची दोरीच नव्हती, आणि कोपऱ्यात चार पोरी, कॉलेजातल्या असतील, हाताला रस्सा माखून जेवत होत्या. तू त्यांच्याकडे पाहून मला कोपर मारलं.

पुस्तकांचंही तसंच. नागपूरला बर्डीच्या फुटपाथवरून तू पाककृतींची पुस्तकं आणायची आणि दुपारी, जग झोपलेलं असताना, छातीवर पुस्तक ठेवून कादंबरीसारखी वाचायची. फटीतून मला बातम्या यायच्या. "आता कांदा गुलाबी होऊन राहिला." "या पुण्याच्या बाईनं वांग्यात गूळ टाकला वं! वांग्यानं तिचं काय घोडं मारलं होतं?" 'चवीनुसार मीठ' वाचलं की तुझं डोकं फिरायचं: "कोनाच्या चवीनुसार, ते तर सांग!" जाड्या, रंगीत फोटोवाल्या पुस्तकावर तुझा विश्वास नव्हता. पण कोणत्याही पुस्तकातलं काहीही तू आधी जसंच्या तसं करायची. गूळ तर गूळ. "पहिल्यांदा पुस्तकाच्या मनासारखं, दुसऱ्यांदा आपल्या," हा कायदा. त्या गुळाच्या वांग्याचा पहिला वाटा भिंतीवरून माझ्याकडे आला होता, ते मी विसरली नाही.

त्यातलंच एक कव्हर फाटलेलं पुस्तक. कोणी लिहिलं, माहीत नाही. त्यात होतं, फोडणीचा लसूण थंड तेलात टाकावा आणि तेल मंद आंचेवर त्याच्यासोबतच तापवावं. तू ते वाचलं आणि बिघडली. मी म्हटलं, "थंड तेलात? लसूण काय आंघोळ करते काय? तेल कडकडीत तापलं पाहिजे, लसूण पडला की चर्र झालं पाहिजे. आवाज नाही ते फोडणी कायची?" तू म्हणाली, "करून पाहा." मी म्हटलं, "मरेपर्यंत नाही." तू तशा फोडणीचं वरण वाटीत पाठवायची, मी खाल्लं की म्हणायची, "ठीक हाये." त्यापेक्षा जास्त एक शब्द मी दिला नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. तू पेढा तोंडात टाकून म्हणाली, "जिल्हा झाला, चांगलं झालं. आता एक धड हॉटेल निघू द्या म्हणा." आणि त्या शेवटच्या संध्याकाळी फटीतून तुझा आवाज आला, किती खुशीत होता: "निर्मले, नागपूरच्या रस्त्यावर नवीन हॉटेल निघालं म्हणते. रोडगे करते म्हणे, गोवऱ्यांत भाजून, हॉटेलात! उद्या सांगते तुले सगळं."

सकाळी तुझी मोहरी वाजली नाही. मला वाटलं, उपास असेल. मग भाऊजींनी हाक मारली. तुला नाही, मला. तेव्हाच मला समजलं.

झोपेतच गेली तू. चेहरा असा होता की आता उठेल आणि विचारेल, काय केलं आज? मी तुला हळद लावली, माझ्या हातानं. पुढचं सगळं मीच सांगत होती, हे इथं ठेवा, ते तिथं ठेवा. निर्मलाबाईला विचारा. संध्याकाळी रीतीप्रमाणे मी कडू घास घेऊन गेली. डाळ आणि मीठ. फिकं वरण. पाहून घेईन म्हणाली होती ना, तर पाहिलं असशीलच.

भाऊजींनी ताटाला हात लावला नाही. आम्हाला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत वरण नेलं. ते तसेच भिंतीला टेकून बसलेले, ताटातल्या वरणावर साय धरली. तुला माहीत आहे त्यांच्या शुगरचं. गोळी घेतली की खावं लागते, म्हणून त्यांनी गोळीच सोडली. तुझी लेक पल्लवी भोपाळहून आली होती. तिनं बोट टोचून शुगर पाहिली आणि मशीन घेऊन माझ्याकडे धावत आली. "काकू, आकडा पाहा किती चढला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. बाबा माझं ऐकत नाहीत. म्हणतात, मले भूकच नाही. काही करा नं." भाऊजींना मीही सांगून पाहिलं. चमच्यानं भरवलं तर तोंड फिरवत. जीभ मेली होती त्यांची, शालू. तू सांगितलं होतं अगदी तसंच.

दुपारी मी घरी येऊन परत डाळ शिजवली. घोटली. मीठ टाकलं. आणि त्या वरणाकडे पाहत उभी राहिली. मला तुझा असा राग आला! मरायची एवढी काय घाई होती, आणि मरताना हे भांडण माझ्या गळ्यात टाकून जायची काय गरज होती? मी आजवर गल्लीत किती बायकांना सांगितलं, सुतकात फोडणी नाही म्हणजे नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या सुमनला तर तिच्या सासऱ्याच्या वेळी चारचौघींत बोलली होती मी. आणि तुझ्या ओट्यापाशी, बरोबर फटीखाली, कोण बसलं होतं? तुझी नणंद, सौसरच्या ताई, रीतीभातीत माझ्याही वरची. माझ्याकडे चर्र झालं की सरळ त्यांच्या कानात.

तेव्हा मला तुझं ते पुस्तक आठवलं.

लोखंडी पळीत थंड तेल घेतलं. लसूण चिरून टाकला. गॅस बारीक केला. आवाज नाही. हळूहळू लसणाभोवती बुडबुडे आले, शेजारी कोणी कुजबुजावं तेवढे. जिरं, हिंग, वाळलेली लाल मिरची. लसूण सोनेरी झाल्यावर पळी उतरवली, तेल जरा निवू दिलं आणि मग वरणात सोडलं. हूं नाही की चूं नाही. तळहातावर घेऊन चाखलं.

शालू, काय सांगू तुला. लसूण आतपर्यंत गोड, कुठंच कडू नाही, आणि तेल साऱ्या वरणात असं भिनलेलं. माझ्या चाळीस वर्षांच्या कडकडीत तेलाला असं कधी जमलं नाही. "ठीक हाये" म्हणून वाटी परत करत होती मी! मी पळी ओट्यावर आपटली, रडली, वरून बारीक चिरलेला सांबार, तुझ्या पुस्तकवाल्यांची कोथिंबीर, टाकला, आणि भांडं झाकून फडक्यात बांधलं.

आवाजाचा बंदोबस्त केला, पण वासाचा कोण करणार? तुझ्या दारात पाय ठेवला तशी एकेक बाई मान वर करायला लागली. सुमनही होती. ताई पाटावरून म्हणाल्या, "निर्मला, काय आनलं?"

"वरण."

"वरणाले असा वास कायचा येऊन राहिला?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं असतं, माझ्या घरच्या कढईचा वास लागला असेल. पण तुझ्या घरात, तुझ्या वरणाबद्दल खोटं बोलायचं? मी भांडं खाली ठेवलं.

"फोडणीचा, ताई. लसणाची फोडणी दिली."

"सुतकात?"

"हो, सुतकात. मी दिली. ज्या बाईचं सुतक आहे तिनंच सांगितलं होतं, एकदा नाही, दर मयतीले. मी ऐकलं नाही, काल तिच्या घरी फिकं आणलं. आता भाऊजी असेच उपाशी राहिले तर उद्या या घरी आणखी कोनाचा कडू घास आणू मी? सांगा तुम्ही!"

आवाज चढला माझा. पल्लवीनं माझा हात धरला. ताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, भांड्याचं फडकं सोडलं, झाकण काढलं आणि आत पाहत राहिल्या. मला वाटलं, आता अंगणात ओततात. त्यांनी भात घेतला, वर वरण वाढलं आणि ताट भावासमोर नेऊन ठेवलं. "दिन्या. घे."

भाऊजींनी मान फिरवलेलीच होती. मग नाक हललं त्यांचं. ताटाकडे पाहिलं. बोटानं लसणाची एक पाकळी उचलून चावली आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "हा थंड तेलातला आहे."

मी म्हटलं, "हो."

"शालूचा आहे."

"तिचाच."

आणि ते जेवले, शालू. हातानं कालवून, मोठे मोठे घास घेऊन, रडत, नाक पुसत जेवले. ताट संपलं आणि म्हणाले, "अजून आहे काय?" पल्लवी तोंडात पदर कोंबून रडत होती आणि वाढत होती. मग भाऊजी बोलायला लागले. म्हणाले, "मला काय माहीत नव्हतं काय, तुम्ही कोणते डोळे दाखवायला जात होत्या ते? घरी आली की हिच्या हाताला रश्श्याचा वास. तरी दर वेळी मी विचारायचो, डॉक्टर काय म्हणाले? ही म्हणायची, नंबर वाढला." आधी सुमन फिसकन हसली, मग सगळ्याच. सुतकाच्या घरात, भर दुपारी, तुझ्या फोटोसमोर. ताईंनी आपलं ताट पुढं केलं. "मले वाढ निर्मला. लसूण घेजो त्यात." भांडं पुसून खाल्लं सगळ्यांनी. संध्याकाळी भाऊजींनी गोळी घेतली, आणि दोन दिवसांत आकडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तसंच, गुपचूप, थंड तेलात लसूण टाकून उभी होती, तर फटीतून ताईंचा आवाज. "निर्मला, डाळ झाली काय? आवाज काहून नाही आला? चोरून कायले देते आता? दे मोठ्यानं!"

आणि काल तेरवीच्या पंगतीत सुमननं मला सगळ्यांसमोर विचारलं, मुद्दामच विचारलं तिनं, "निर्मलाबाई, आता पुढं कडू घासाले फोडणी चालते की नाही?" पन्नास जणी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "चालते. शालूची रीत आहे." ताई म्हणाल्या, "हाव, चालते." झालं. शिक्का बसला. उद्या गल्लीत कोणीही गेलं, मी गेली तरी, वरण खमंगच येणार. एवढ्या हॉटेलांत तू वरणाची परीक्षा घेतली, शालू, आणि शेवटी पास झाली ती तू.

एक सांगायचं राहिलं. हॉटेलात बसलं की तू दर वेळी मला विचारायची, "तुले काय खावंसं वाटते?" मी दर वेळी म्हणायची, "काहीही चालते." तू चिडायची. मला घरात ते कोणी कधी विचारलंच नव्हतं गं. सगळ्यांना मी विचारायची. म्हणून उत्तर द्यायची सवयच नव्हती, आणि लाजही वाटायची. आज सांगते. दहीवडा. प्रत्येक वेळी मला दहीवडा खायचा होता. बाकी तू जे मागवलं तेही आवडलं, गुळाचं वांगं सोडून. माझ्या जन्मात मला तसं विचारणारी तू एकटी होती. त्या रोडग्याच्या हॉटेलात मी पल्लवीला घेऊन जाणार आहे. साधं वरण मागीन, आणि त्याच्याकडे असला तर दहीवडा.

आज सकाळी ताई सौसरला गेल्या. पल्लवी झोपली होती. तेरवी झाली म्हणजे आता कडू घास नाही, पण भाऊजींचा डबा मीच देणार, ते ठरलं आहे. मी तेल तापवलं. वरणाचा लसूण झाला होता तुझ्या पद्धतीनं, पण भाजी माझी होती, म्हणून मोहरी माझ्या पद्धतीनं, कडकडीत तेलात. सोडली. असं चर्र झालं की फट दणाणली. आणि मग सवयीनं, मेली ती सवय, मी हातात उलथनं धरून थांबली. तिकडून काही येईना. पाच मिनिटं झाली असतील. भाजी खाली लागायला आली. मी पदरानं डोळे पुसले आणि कढईत पाणी टाकणार, इतक्यात फटीतून भाऊजींचा आवाज आला, चाचरत, पहिल्यांदाच:

"निर्मलाबाई... मोहरी जळाली वाटते."

मी कढईवरून वर पाहत अशी ओरडली की पल्लवी जागी झाली असेल, "नाही जळाली! खाऊन पाहा, मंग बोला!"

तिकडं हसले ते, शालू. मोठ्यानं हसले.

आणि जळाली नव्हती. तुझी शपथ, अजिबात जळाली नव्हती.